वायफाय तुटतंय? आधी ड्रायव्हर बघ

भाऊ, लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय म्हणून लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नकोस. आधी ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तपास. जळगावच्या मे महिन्यात माझाही लॅपटॉप सारखा नेट सोडायचा, आणि मी उन्हाला अन् राउटरला शिव्या घालत होतो. त्याच वायफायवर मोबाईल नीट चालतोय ना? मग राउटर बहुतेक निर्दोष. विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघड, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी खूण काढ. माझं दुखणं तेच निघालं. अपडेटनंतर बिघडलं असेल तर तिथल्याच ड्रायव्हर टॅबमधलं रोल बॅक, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणणारं बटण, दाब. ते बटण फिकट दिसलं तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घे. तेवढ्यापुरतं नेट मोबाईलच्या यूएसबी टेदरिंगवर, म्हणजे मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडून, मिळतं. फुकटच्या ड्रायव्हर अपडेटरांच्या नादी मात्र लागू नको.