‘मॅडम, हे कॅन्सरचं औषध आहे ना?’

सोरायसिस या त्वचारोगासोबत येणाऱ्या संधिवातावर मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झालं की हा प्रश्न हमखास येतो. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आठ-नऊ वर्षांपासूनचे. मग उजव्या हाताची तर्जनी मुळापासून टोकापर्यंत सुजली, कात्री धरवेना. सकाळी तासभर बोटं वळत नसत, टाच टेकवत नसे. संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, म्हणून घरच्यांनी ‘काम जास्त झालंय’ म्हणून सोडून दिलं. या आजारात ती बहुतेकदा निगेटिव्हच येते! संधिवाततज्ज्ञांनी नखं पाहिली. सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे होते, ही सोरायसिसची खूण.

गोळ्या सुरू झाल्या. भाच्याने फोनवर माहिती वाचून दाखवली आणि ताईंनी दोन आठवड्यांत त्या बंद केल्या.

मी विचारलं, “कॅन्सरचं औषध म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?”

“मोठ्या जाऊबाई. केमो चालू होती तेव्हा उशीवरचे केस मीच गोळा करायचे.”

अशा भीतीला ‘काही होत नाही हो’ म्हणणं म्हणजे माणसाला उडवून लावणं. मी म्हणाले, हो, कॅन्सरमध्येही ते वापरतात, पण तिथे डोस कितीतरी पटींनी मोठा असतो. इथे आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती आवरायला. चुकून रोज घेतलं तर मात्र जिवावर बेतू शकतं. म्हणून वार पक्का हवा. त्यांनी शुक्रवार ठरवला. डॉक्टर सांगतील तसं फॉलिक अ‍ॅसिड, रक्ताची आणि यकृताची नियमित तपासणी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढा धीर धरायचा, कारण एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीच्या नेमक्या भागाला आवरणारी) आहेत, पण आधी क्षयाची तपासणी करून.

उठता उठता त्या हळूच म्हणाल्या, “दुसऱ्या मुलाचा विचार होता.” डॉक्टरांसमोर सासूबाई बसलेल्या, त्यामुळे तिथे हे बोललंच गेलं नव्हतं. मी त्यांना लगेच पुन्हा आत नेलं, एकटीला. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नाही. दिवस राहण्याच्या बरंच आधी ते थांबवावं लागतं आणि तोवर गर्भनिरोधन लागतं. डॉक्टरांनी सल्फासालाझिन या दुसऱ्या औषधाचा पर्याय समजावला आणि पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं.