टर्बाइनचं काम घटूनही कार्यक्षमता वाढते कशी? आणि ४५.३ की ४३.१?

ऐरोलीच्या विद्यार्थी सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: १०० बार, ५०० अंशांची वाफ, कंडेन्सर (वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारा) ०.१ बारला, मध्ये १० बारला एक ओपन फीड हीटर (टर्बाइनमधून मध्येच काढलेली वाफ बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्यात मिसळून ते गरम करणारं भांडं), टर्बाइन आणि पंप आदर्श. हीटरशिवाय कार्यक्षमता ४०.२ टक्के येते. हीटर लावल्यावर हीट बॅलन्सने, म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या हिशेबाने, ४३.१ टक्के, पण उष्णता देण्याच्या सरासरी तापमानावरून काढली तर ४५.३ टक्के. खरी कोणती? टर्बाइनचं काम कमी होऊनही कार्यक्षमता वाढते कशी? आणि तळोज्यातल्या एका कारखान्याच्या छोट्या टर्बाइनला असा हीटर सुचवावा का?

स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) घेऊन मी आकडेमोड पुन्हा केली. सायकलची कार्यक्षमता ४३.१ टक्के. ४५.३ सुद्धा चुकीचा आकडा नाही, तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि या दोघांतला फरक तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. तो सोडून देऊ नका.

आधी कामाचं बघू. बॉयलरमधून निघणाऱ्या १ किलो वाफेमागे साध्या, म्हणजे हीटरशिवायच्या, सायकलमध्ये निव्वळ काम १,२७५ किलोज्यूल मिळतं आणि उष्णता ३,१७३ किलोज्यूल लागते. हीटर लावल्यावर ०.२२ किलो वाफ १० बारला काढून घ्यावी लागते. काम १,१२२ वर येतं आणि उष्णता २,६०२ वर. बहुतेक जण इथे कामाकडे बघून घाबरतात. दोन्हीकडची घट शेजारी ठेवा: काम १५३ ने घटलं, उष्णता ५७१ ने. म्हणजे आपण सायकलचा जो हिस्सा सोडून दिला तो जेमतेम २७ टक्के कार्यक्षमतेने चालत होता. सरासरीपेक्षा वाईट हिस्सा काढून टाकला की उरलेल्याची सरासरी वाढणारच.

तो हिस्सा इतका वाईट का? कारण ती उष्णता ४६ अंशांच्या थंड पाण्याला १८० अंशांपर्यंत आणण्यात जात होती. भट्टीत हजार अंशांच्या वरचे वायू, आणि त्यांची उष्णता आपण कोमट पाण्यावर खर्च करतो. तेच काम टर्बाइनमध्ये बरीच मजल मारून आलेली वाफ करू शकते. काढून घेतलेल्या त्या वाफेने १०० बारपासून १० बारपर्यंत येताना किलोमागे ५९१ किलोज्यूल काम आधीच दिलेलं असतं, आणि तिची उरलेली उष्णता कंडेन्सरमध्ये न जाता पाण्यात परत येते. त्या ०.२२ किलोपुरतं बघाल तर कंडेन्सरमध्ये फेकलेली उष्णता शून्य आहे. वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्रात याहून सुंदर व्यवहार मला तरी माहीत नाही.

रिपोर्टमध्ये हे हीट रेटमध्ये, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे लागणाऱ्या उष्णतेत, लिहा, कारण आपल्याकडच्या वीजकेंद्रांत बोलणं त्याच भाषेत होतं. तुमच्या आदर्श सायकलचा हीट रेट सुमारे २,१४० किलोकॅलरी प्रति युनिटवरून १,९९५ वर येतो. वाफेचा खप मात्र युनिटमागे २.८२ किलोवरून ३.२१ किलोवर जातो. तोंडी परीक्षेत नेमकं इथेच पकडतात. वाफ जास्त आणि इंधन कमी, हे एकाच वेळी खरं आहे, कारण प्रत्येक किलो वाफ बनवायला आता कमी उष्णता लागते. कंडेन्सरवरचा भारही प्रति युनिट सुमारे ११ टक्क्यांनी हलका होतो. पाम बीच रस्त्यावरून खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या चिमण्या दिसतात. तिथला कंडेन्सर खाडीच्या पाण्यावर थंड होतो. अशा ठिकाणी भार कमी म्हणजे पंपांचं काम कमी आणि खाडीत सोडलं जाणारं गरम पाणीही कमी.

कंडेन्सरला ०.१ बार धरलंत ते मला आवडलं. आपल्या हवेत उन्हाळ्यात थंड करायचं पाणीच तिशीच्या वर असतं. त्यात कंडेन्सरमधली आठ-दहा अंशांची वाढ आणि वर थोडा फरक धरला की ४५ अंशांच्या आसपास पोचतो, म्हणजे ०.१ बारच. थंड प्रदेशातले ०.०४ बारचे आकडे इथे लावले की सगळं गणित उगीच गोड दिसतं.

आता ४५.३ कडे. सरासरी तापमान म्हणजे दिलेली उष्णता भागिले एन्ट्रॉपीतला (उष्णता किती विखुरली आहे याच्या मापातला) बदल. साध्या सायकलमध्ये ते ५३३ केल्विन येतं. कंडेन्सरचं तापमान ३१९ केल्विन, म्हणून १ वजा ३१९/५३३, म्हणजे ४०.२ टक्के, हीट बॅलन्सशी तंतोतंत जुळतं. हीटर लावल्यावर सरासरी ५८३ केल्विनवर चढते आणि त्याच सूत्राने ४५.३ येतात. पण हे सूत्र गृहीत धरतं की सायकलच्या आत कुठेही नुकसान नाही. साध्या सायकलमध्ये ते खरं होतं. आता नाही, कारण तुमच्या हीटरमध्ये ४६ अंशांच्या पाण्यात १८० अंशांची वाफ थेट मिसळते आहे. ताकात उकळतं पाणी ओतल्यावर दोन्ही पुन्हा वेगळी करता येत नाहीत, तसंच हे.

हे नुकसान मोजता येतं. हीटरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची एन्ट्रॉपी २.१३८. आत येणाऱ्यांची बेरीज: वाफेची ०.२२ गुणिले ६.६० आणि पाण्याची ०.७८ गुणिले ०.६५, मिळून १.९५८. फरक ०.१८ किलोज्यूल प्रति केल्विन. त्याला ३१९ ने गुणा, ५७.४ किलोज्यूल. २,६०२ ने भागा, २.२ टक्के. ४५.३ वजा ४३.१ किती? २.२ च. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे जुळले की सायकल समजली म्हणायची. हा ताळा रिपोर्टमध्ये स्वतंत्र तक्त्यात द्या.

एकापेक्षा जास्त हीटर का लावतात याचं उत्तरही यातच आहे. पाणी आणि वाफ यांच्या तापमानातली दरी जितकी लहान तितकं मिसळताना नुकसान कमी. मी तुमच्याच सायकलला दोन ओपन हीटर लावून पाहिले, २५ बार आणि ३ बारला. कार्यक्षमता ४४.३ टक्के आली. पहिल्या हीटरने २.९ टक्के अंश दिले, दुसऱ्याने १.२. तिसरा त्याहून कमी देणार, आणि प्रत्येक हीटरबरोबर पाइप, व्हॉल्व्ह, लेव्हल कंट्रोल आणि देखभाल येते. मोठ्या संचांत डिएरेटर (पाण्यात विरघळलेली हवा काढणारा ओपन हीटर) धरून सहा ते आठ हीटरांवर थांबतात आणि फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला दिलं जाणारं पाणी, साधारण २५० अंशांच्या आसपास बॉयलरकडे जातं, त्यामागे हाच हिशेब आहे.

हीटरचा दाब कसा ठरवायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण परीक्षक विचारतील. ढोबळ नियम असा की कंडेन्सरचं संपृक्त तापमान (त्या दाबाला पाणी उकळतं ते) आणि बॉयलरचं संपृक्त तापमान यांच्यातलं अंतर सारखं वाटायचं. तुमच्याकडे ४६ आणि ३११, मध्य १७८, म्हणजे १० बारच्या अगदी जवळ. दोन हीटरसाठी मी २५ आणि ३ बार घेतले ते याच नियमाने.

आता एक अट, जी वर्गात बहुधा सुटते. हीटरने पाणी गरम करून पाठवलं की बॉयलरच्या इकॉनॉमायझरला (चिमणीकडे जाणाऱ्या वायूंच्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या नळ्यांना) फ्लू गॅसमधली, म्हणजे त्या वायूंमधली, उष्णता कमी ओढता येते. म्हणजे गॅस चिमणीकडे जास्त गरम जाणार. मोठ्या कोळसा बॉयलरमध्ये ही उष्णता एअर प्रीहीटर पकडतो आणि भट्टीच्या हवेला देतो. एअर प्रीहीटर नसेल तर टर्बाइनच्या बाजूला कमावलेलं चिमणीतून निघून जातं. तुमच्या हद्दीत फक्त सायकल आहे, बॉयलर नाही, म्हणून तुमच्या गणितात हे दिसत नाही. उरणच्या वायू विद्युत केंद्राचा विचार करा. तिथे १०८ मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइनच्या एक्झॉस्टवर १२० मेगावॉटचे दोन स्टीम संच चालतात. अशा कम्बाइंड सायकलमध्ये, म्हणजे गॅस टर्बाइनच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या जोड सायकलमध्ये, कोळसा केंद्रासारखी हीटरांची रांग लावत नाहीत. तिथे एक्झॉस्टची उष्णता आयतीच आलेली असते, आणि थंड फीडवॉटरच तिचा शेवटचा थेंब पिळून घेतं. जी युक्ती एका केंद्रात कमाई करते ती दुसऱ्यात तोटा करते. सायकलची हद्द कुठे आखली, यावर उत्तर उलटतं.

तळोज्याचा कारखाना याहून वेगळा. तुमच्या वर्णनावरून टर्बाइन बॅक प्रेशर दिसतं, म्हणजे बाहेर पडणारी सगळी वाफ प्रक्रियेला जाते. कंडेन्सरच नाही, तर कंडेन्सरमधला तोटा वाचवणार कुठून? तिथे हीटर लावल्याने एवढंच होतं की प्रक्रियेला तितकीच वाफ देताना टर्बाइनमधून थोडी जास्त वाफ जाते आणि थोडी जास्त वीज मिळते. त्या जादा विजेसाठी लागणारं इंधन बॉयलरच्या नुकसानीखेरीज जवळजवळ विजेइतकंच असतं, युनिटमागे ८६० किलोकॅलरी भागिले बॉयलरची कार्यक्षमता. वीज विकत घ्यावी लागत असेल तर हा सौदा चांगला असू शकतो. पण तिथे ‘कार्यक्षमता ३ टक्क्यांनी वाढेल’ असं लिहू नका, ते वाक्य त्या कारखान्याला लागूच होत नाही.

तिथे जाल तेव्हा आधी बॉयलरमधून चिमणीकडे निघणाऱ्या गॅसचं तापमान घ्या, मग इकॉनॉमायझरच्या आधीचं आणि नंतरचं फीडवॉटरचं तापमान, डिएरेटरचा दाब आणि प्रक्रियेकडून कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) किती परत येतं ते. परत येणारं कंडेन्सेट कमी असेल तर मेकअपचं, म्हणजे तूट भरून काढायला घातलेलं, थंड पाणी जास्त, आणि मग नव्या हीटरआधी कंडेन्सेट परत आणण्याच्या पाइपलाइनवर बोला. छोट्या कारखान्यांत मला पैसा बहुतेक वेळा तिथेच सांडलेला दिसला आहे. ही वाचनं मिळाली की इथेच टाका, हीट बॅलन्स मिळून मांडू.