उरणला लोकल आल्याने खरंच काही फायदा झाला का, की नुसते जमिनीचे भाव वाढले?

भाव वाढलेच, ते नाकारत नाही, पण फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत गाडी 2018 मध्ये आली आणि पुढे उरणपर्यंत यायला जानेवारी 2024 उजाडलं. तोवर मुंबई गाठायची म्हणजे एकतर उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईचा भाऊचा धक्का, तेही समुद्र खवळला की बंद, नाहीतर न्हावा शेव्याच्या कंटेनर ट्रेलरच्या रांगेत एसटी नाहीतर बाईक घालून जीव मुठीत धरून जायचं. त्या रस्त्यावर अपघातात माणसं गेलेली घरं आमच्याकडे गावोगाव आहेत हो, त्यामुळे कॉलेजला जाणारी मुलगी लोकलने गेली की आईला जो निवांतपणा मिळतो ना तो मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पर्यावरणाचं म्हणाल तर बारा डब्यांच्या लोकलमध्ये नुसती बसायलाच हजाराच्या वर जागा असते, तेवढी माणसं बाईक-रिक्षाने गेली तर धूर किती होईल बघा, शिवाय लोकलला ब्रेक लागला की तयार होणारी वीज परत वायरीत जाते. मात्र खाडी आणि खारफुटीला लागून लाइन आहे, तिथे आता भराव टाकून टॉवर उभे राहिले तर हे सगळं कमावलेलं घालवू.

आणि फेऱ्या वाढवा, गाडी चुकली की फार ताटकळावं लागतं, मग माणूस परत बाईक काढतो.