आई-बाबा पहिल्यांदाच इकॉनॉमीने अमेरिकेला येत आहेत. इतका लांबचा प्रवास त्यांना सुसह्य कसा होईल, आणि शेजाऱ्यांनाही त्रास होऊ नये म्हणून त्यांना काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की बाबा सत्तरीचे आहेत, आई पासष्टची, तिकीट मुंबई-दोहा-शिकागो आहे आणि बाबा सारखे विचारतायत, "शेजारचा वैतागला तर?" खरी अडचण तिथेच आहे. आपल्या आई-वडिलांना विमानात सीटपेक्षा संकोच जास्त छळतो. शेजारच्याला उठवायला नको म्हणून बाथरूमला जायचं नाही, बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि उतरताना पाय इतके सुजलेले की बूट चढत नाहीत.

म्हणून सगळ्यात आधी सीटचं बघा, आणि त्याचे पैसे लागले तर द्या. तिकिटाला एवढे मोजल्यावर तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. लांब पल्ल्याच्या बहुतेक विमानांत एका ओळीत ३-३-३ किंवा ३-४-३ सीट, आणि मधे चालायच्या दोन वाटा, अशी मांडणी असते. मधल्या तीन-चार सीटमधली आइल सीट, म्हणजे वाटेकडची, आणि तिला लागून असलेली सीट अशी जोडी घ्या. ज्याला जास्त उठावं लागतं तो आइलवर, आणि दुसऱ्याला उठायचं झालं तर घरच्याच माणसाला हलवायचं. खिडकीचा हट्ट दोहापर्यंत पुरवा, पुढे नको. चौदा-पंधरा तासांपैकी बराच वेळ पडदे बंदच असतात. काही बोइंग ७७७ विमानांत शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथल्या मोजक्या रांगा २-४-२ असतात. खिडकीकडच्या त्या दोन सीट मिळाल्या तर जोडप्याला लॉटरीच. फक्त अगदी शेवटची रांग टाळा, तिथली पाठ बऱ्याचदा मागे जात नाही आणि बाथरूमची रांग डोक्याशी उभी असते. आणखी एक, हे सहसा कुणी सांगत नाही: बऱ्याच विमानांत सीटच्या आइलकडच्या हातालाही (आर्मरेस्टलाही) खालून, बिजागराजवळ, एक छोटी कळ असते. ती दाबली की हात वर जातो. गुडघे धरलेल्या माणसाला सीटमधून बाहेर पडायला याची फार मदत होते. क्रूला विचारलं तर दाखवतात.

विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वरची, आणि प्रचंड कोरडी. पोटातला वायू तिथे फुगतो. तेव्हा निघायच्या दिवशी मिसळ, छोले, राजमा, सोडा हे नको. वरण-भात खाऊन निघू द्या. सिक्युरिटीनंतर भरून घेण्यासाठी रिकामी बाटली जवळ असू द्या.

एकदा माझ्या शेजारी नाशिकच्या एक काकू होत्या, मधल्या सीटवर. पाण्याचा ट्रे आला की दरवेळी हसून "नो, नो". सात-आठ तासांनी मीच मराठीत विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला सारखं उठवायचं कसं?" मी त्यांना आइल दिली आणि मधे बसलो. त्यानंतर त्या दोन तासांत तीनदा उठल्या. तुमच्या आईबाबांना हे आधीच पढवून ठेवा की शेजाऱ्याला दर दोन-अडीच तासांनी उठवणं हा आगाऊपणा नाही. बसताक्षणीच "आय मे गेट अप अ फ्यू टाइम्स, सॉरी" एवढं म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

हे केवळ आरामासाठी नाही. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. निरोगी माणसाला तो कमीच असतो, पण वय, अलीकडचं ऑपरेशन, कॅन्सर किंवा पूर्वी झालेली गाठ यांनी तो वाढतो. बसल्या बसल्या टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं दर तासाला थोडा वेळ करायचं. पोटऱ्यांना घट्ट बसणारे मोजे चांगले, पण मापाचे आणि डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत. खालच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं. औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ घरी पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू द्या.

आता शेजाऱ्यांचं. मोठ्याने बोलू नका, फोनवरचे व्हिडिओ आवाज बंद करून बघा, हे तुम्ही सांगालच. पण ज्येष्ठांच्या हातून नकळत होणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या. उठताना पुढच्या सीटची पाठ धरून स्वतःला ओढून घ्यायचं, त्याने पुढचा झोपलेला माणूस दचकून जागा होतो. त्याऐवजी आपल्याच सीटच्या हातांवर जोर द्यायला सांगा. दुसरी म्हणजे समोरचा स्क्रीन. तो बोटाने ठोकून ठोकून चालवतात, आणि पुढच्याच्या डोक्याला मागून धक्के बसत राहतात. रिमोट असेल तर तो, नाहीतर हलकं बोट. सीट मागे करायची ती जेवणं झाल्यावर, हळूहळू आणि मागे एकदा बघून.

बाथरूमबद्दल लाजून कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आत नळी नाही, तांब्या नाही. आपली माणसं पाण्याची छोटी बाटली आत नेतात, त्यात काही गैर नाही. पण मग जमीन ओली राहते आणि पुढचा मोजे घालून त्यात पाय ठेवतो. निघताना दोन-चार टिश्यूंनी सीट आणि जमीन पुसायची, टिश्यू कचऱ्याच्या डब्यात, कमोडमध्ये नाही. आणि पायात कायम चप्पल. जेवणाच्या गाड्या निघायच्या आधी जाऊन यावं. जेवणानंतर सगळं विमान रांगेत असतं.

जेवण आधीच नोंदवा. हिंदू व्हेज, जैन, डायबेटिक असे प्रकार असतात, बहुतेक कंपन्यांना किमान २४ तास आधी कळवावं लागतं. ते ताट सगळ्यांच्या आधी येतं; तोटा एवढाच की रिकामं ताट मांडीवर घेऊन बाकीच्यांचं होईपर्यंत बसावं लागतं. सोबत दशम्या, गुळाच्या पोळ्या, खाकरा द्या. लसणाची चटणी आणि लोणचं मात्र नको, बंद केबिनमध्ये तो वास शेवटपर्यंत सोबत करतो. शिवाय सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत भरू देऊ नका. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरतात आणि मुंबईतच बॅग उघडावी लागते.

थंडी वाजतेच, त्यामुळे शाल आणि कानटोपी हाताशी हवी. झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून लावायचा, म्हणजे विमान हलायला लागलं तरी पट्टा बघायला कुणी उठवत नाही.

व्हीलचेअरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल तर जरूर मागा, पैसे पडत नाहीत. पण केवळ इंग्रजी येत नाही म्हणून मागणं मला पटत नाही. मागणाऱ्यांची रांग वाढली की ज्याला खरंच पाऊल टाकता येत नाही तो ताटकळतो. भाषेचीच भीती असेल तर एअरलाइनकडे सोबतीच्या मदतीची चौकशी करा, आणि एका कागदावर पुढच्या विमानाचा नंबर, तुमचा फोन, पत्ता आणि चार इंग्रजी वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्या खिशात ठेवा.

विमानात उरलेलं फळ शिकागोला उतरायच्या आधी तिथेच टाकून द्यायचं. बॅगेतल्या लाडू-मसाल्यांबद्दल कस्टम्सवाल्याने विचारलं तर मान हलवून "नो" म्हणायचं नाही, "येस, फूड" म्हणून बॅग पुढे करायची. जे चालत नाही ते काढून घेतात. लपवलं तर दंड होतो.