तीन कोटेशनं टेबलावर, आधी कुठलं?

प्रश्न : नमस्कार ताई, वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रोसेसिंगचा कारखाना आहे, बाबांनी सुरू केलेला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. रोज साधारण १ टन बी लागते, वर्षाचे २५० दिवस काम. सगळे डिजिटल व्हा म्हणतात म्हणून तीन कोटेशनं मागवली. ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) ९ लाख, बॉयलर आणि ड्रायरला सेन्सर नि मोबाइलवर डॅशबोर्ड ४ लाख, ग्रेडिंगला कॅमेऱ्याचं कलर सॉर्टर २२ लाख. भाऊ म्हणतो मशीन घेऊ, सीए म्हणतात ईआरपी. बँक एकाच गोष्टीला कर्ज देणार. गराला सरासरी ७०० रुपये भाव मिळतो, उतारा (बीच्या वजनात निघणारा गर) मात्र कधी २७ टक्के येतो कधी २४, का ते समजत नाही. आधी काय घेऊ?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : दादा, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, उतारा २४ ते २७ मध्ये खालीवर होतो आणि कारण माहीत नाही. तिथेच थांबू या. १ टन बीला १ टक्का म्हणजे १० किलो गर, २५० दिवसांचे झाले अडीच टन, तुमच्याच भावाने साडेसतरा लाख रुपये. हे फक्त एका टक्क्याचे. त्यामुळे कुठलं कोटेशन भारी हे बाजूला ठेवा, यातलं कुठलं हा उतारा सांभाळायला मदत करतं तेवढंच विचारा.

कलर सॉर्टर वाईट नाही, पण तो काजू फुटून झाल्यावर कामाला येतो, पाकळी झालेला गर तो परत अख्खा करत नाही. संध्याकाळी सोललेला माल ग्रेडिंगच्या टेबलापाशी तुंबून राहत असेल, पांढऱ्या गरात डागी गर मिसळला म्हणून गिऱ्हाईक माल परत पाठवत असेल, तर त्याचा विचार करा. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

ईआरपीचं सीए का म्हणतात ते समजू शकतं. तुमच्या आकड्यांवरून उलाढाल साडेचार कोटींच्या आसपास जाते, आणि २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षात ती ५ कोटींवर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे. सक्तीचं ते पहिलं, त्यात चालढकल नको, पण ते काम हिशोबाच्या साध्या सॉफ्टवेअरवर होतं, त्यासाठी ९ लाख लागत नाहीत.

मी स्वतः रत्नागिरीकडे एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात होते तेव्हा आम्ही स्टॉकचं नवं सॉफ्टवेअर ऐन एप्रिलमध्ये सुरू केलं, बाहेर आंब्याच्या गाड्यांची रांग, आत सुपरवायझरला स्क्रीन कळेना, तिसऱ्या दिवशी त्याने वही काढली, मग रात्री दोन पोरं वहीतलं कॉम्प्युटरवर चढवत बसायची, मेच्या मध्यापर्यंत तेही थांबलं. पैसे गेले ते गेलेच, पण कामगारांचा विश्वास गेला त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिले तीन आठवडे काहीही विकत घेऊ नका. खरेदी केलेल्या प्रत्येक मालाला लॉट नंबर द्या, कुठल्या गावची बी, कधी घेतली, कटिंग टेस्टला (थोडी बी कापून आतला गर बघतात ती) काय आलं. तो नंबर पोत्यावर आणि पुढे ट्रेवर चिठ्ठी लावून शेवटपर्यंत न्या. चार ठिकाणी वजन करा, बॉयलरला जाताना, कटिंगनंतर, ड्रायर आणि सोलणं झाल्यावर, आणि पॅकिंगला, तिथे अख्खा, पाकळी, तुकडा वेगवेगळा. मोबाइलवरच्या एका शीटमध्ये भरा, बस.

आणि त्या शीटमध्ये एक रकाना कटिंगच्या बायांसाठी ठेवा. एका कारखान्यात मी बघितलंय, साठीतली एक बाई, बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली, बी नुसती चिमटीत फिरवून म्हणाली, "बी ओली आसा, तुटतली." त्या दिवशी पाकळी खरंच जास्त निघाली. मालकाला ते रात्री ग्रेडिंगला कळलं, तिला सकाळी आठलाच माहीत होतं पण कोणी विचारलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी दोन गोष्टींपैकी एक दिसेल. फरक लॉटप्रमाणे पडत असेल तर गळती खरेदीत आहे, मग ओलावा मोजायचं मीटर घ्या आणि टेस्ट बघून भाव ठरवा, कर्ज काढायची गरजच नाही. एकाच लॉटला सोमवारी २७ आणि गुरुवारी २४ येत असेल तर वाफ किंवा ड्रायरमध्ये गडबड आहे, तेव्हा ते ४ लाखांचं कोटेशन बाहेर काढा, पण आधी एकाच ड्रायरला बसवा, आणि डेटा एक्सेलमध्ये आपल्याकडे मिळेल हे लेखी घ्या.

फेब्रुवारी ते मे बी खरेदीच्या गर्दीत यातलं काही सुरू करू नका. पावसात साठवलेल्या बीवर सवय होऊ द्या, फक्त लाइट आणि नेट गेलं तरी नोंद करता आली पाहिजे. आणि बॅकअप इमारतीच्या बाहेर हवाच, २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराने वह्या आणि कॉम्प्युटर दोन्ही पाण्यात गेले.

प्रश्न : आमचं मासळीचं छोटं कोल्ड स्टोरेज आहे. तापमान वाढलं की फोनवर अलार्म देणारं यंत्र ३५ हजारांत मिळतंय. तेही आधी तीन आठवडे मोजून मग घ्यायचं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, ते या आठवड्यात घ्या. काजूचा तोटा रोज थोडा थोडा होतो म्हणून आधी शोधावा लागतो, तुमचा एका रात्रीत सगळा होतो. एकदा वितळलेली मासळी परत गोठवली तरी पहिल्यासारखी होत नाही. फक्त घेताना बघा, अलार्म वायफायवरचा नको, लाइट गेली की राउटरही जातो आणि नेमकं तेव्हाच कळायला हवं असतं. आत सिमकार्ड आणि बॅटरी असलेलं, लाइट गेली तरी फोन करणारं घ्या, दोन माणसांचे नंबर टाका, आणि महिन्यातून एकदा रात्री मुद्दाम मेन स्विच दोन मिनिटं बंद करून कोणाचा फोन वाजतो ते बघा.