पिशवी काढल्यावर मी आतून रिकामी होईन का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एक ताई जाड फाईल घेऊन माझ्यासमोर बसल्या. वय ४४. गर्भपिशवीत गाठी, पाळी दहा-दहा दिवस, हिमोग्लोबिन ७. गोळ्या झाल्या, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून पिशवीत बसवलेली हार्मोनची कॉइलही टिकली नाही. तपासणीत कॅन्सर नव्हता. दुर्बिणीतून पिशवी काढायची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती.

"कॅन्सर नाही तर काढायची कशाला?" असं त्यांनी आधी विचारलं. प्रश्न रास्तच होता, पण डॉक्टरांनी त्याचं उत्तर दिलेलं होतं. बराच वेळ गेल्यावर त्या आईविषयी बोलू लागल्या. चाळिशीत आईची पिशवी काढली आणि आई बदललीच. रात्री घामाघूम होऊन उठायची, विनाकारण रडायची. "मग बायका म्हणायच्या, पिशवी गेली की बाई पोकळ होते."

मी विचारलं, "आईची अंडाशयं ठेवली होती का?" त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या भेटीत त्या मावशीकडून जुना कागद शोधून आल्या. दोन्ही अंडाशयं काढलेली होती.

घाम, चिडचिड, झोपमोड हे सारं त्यातून आलं असणार. हार्मोन्स अंडाशयात तयार होतात. ती ठेवली तर पाळी थांबते, पण रजोनिवृत्ती लगेच येत नाही. काहींना थोडी लवकर येते, एवढंच. आणि पोटात पोकळी राहत नाही, आतडी त्या जागी सरकतात. म्हणून मी प्रत्येकीला कळकळीनं सांगते: संमतीपत्रावर सही करण्याआधी अंडाशयांचं काय करणार, हे सर्जनना विचारा. ताईंनी विचारलं. ठेवणार होते.

धोकाही मी लपवला नाही. क्वचित मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा होते, कधी पोट उघडावंही लागतं.

यजमान बाहेर बसले होते. आत बोलावल्यावर खाली मान घालून म्हणाले, "आमच्या दोघांचं... नंतर?" विचारलंत ते बरं केलंत, म्हटलं. आतले टाके भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर संबंध टाळायचे. नंतर बहुतेकांना अडचण येत नाही. रक्तस्राव आणि दुखणं थांबल्यानं कित्येकींना उलट सोपं जातं.

जुलैत ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी घरी. मग घाबरून फोन: "खांदा का दुखतोय?" पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे दुखतो, दोन-तीन दिवसांत थांबतो. दहाव्या दिवशी त्या खूप रडल्या. मी थांबवलं नाही. आईची आठवण येत होती. पाणी भरलेली बादली सहा आठवडे सासूबाईंनी उचलू दिली नाही.

गेली चार नवरात्रं डाग पडेल या धास्तीनं ताई घरीच बसायच्या. यंदा गरब्याच्या दोन फेऱ्या घेतल्या, दमून कट्ट्यावर टेकल्या आणि तिथूनच मला फोटो पाठवला. चणियाचोळी पांढरी होती.