एगरला एक मुक्काम हवाच : हंगेरीच्या प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

बुडापेस्टच्या ईशान्येला साधारण १३० किलोमीटरवर, ब्युक डोंगररांगेच्या पायथ्याशी एगर हे गाव आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. किल्ला, तुर्की मिनार, मोठं चर्च आणि रेड वाइन या चार गोष्टींसाठी हंगेरियन माणसं स्वतःच सुट्टीत तिथे जातात. राजधानीबाहेरचं एखादं जुनं गाव सुचवा, असं विचारणाऱ्यांना आम्ही हेच नाव सांगतो. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून उत्तरं देत आहोत.

बुडापेस्टमध्ये चार रात्री आहोत. सकाळी एगरला जाऊन संध्याकाळी परत, असं जमेल का? रेल्वे बरी की बस? (पुणे)

जमतं, पण हिशेब घालून पाहा. जाण्यायेण्यात चार तास जातात. किल्ल्याला नीट पाहायचं तर अडीच-तीन तास, लिसेयम या जुन्या महाविद्यालयाच्या इमारतीतल्या ग्रंथालयाला आणि मनोऱ्याला दीड तास, मिनार आणि चर्च मिळून एक तास. जेवणासकट दिवस संपला आणि वाइनच्या तळघरांची दरी राहिलीच. ती दरी संध्याकाळीच रंगते. तेव्हा बुडापेस्टच्या चार रात्रींतली एक एगरला द्या. संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक परतले की गावातला मुख्य दोबो चौक रिकामा होतो. गाव पाहायची खरी वेळ तीच.

आमचं मत बसच्या बाजूने. बुडापेस्टच्या मेट्रोच्या लाल मार्गावर, म्हणजे एम-२ वर, पुश्काश फेरेन्त्स स्टेडियमच्या थांब्याला लागूनच बसस्थानक आहे. तिथून बस दोन तासांच्या आत एगरला पोचते आणि थेट मोठ्या चर्चच्या मागे उतरवते. रेल्वे केलेती स्थानकावरून सुटते. वेळ जवळपास तेवढाच, पण एगरचं रेल्वे स्थानक गावाच्या दक्षिणेला आहे. बॅगा ओढत वीस मिनिटं चालावं लागतं. काही गाड्या थेट जातात, काहींना फ्युझेशाबोन्यला उतरून दुसरी गाडी धरावी लागते. तिकीट काढताना ‘बदल’ आहे की नाही हे पाहून घ्या, नाहीतर झोप लागली की मिश्कोल्त्स गाठाल.

उच्चारांची एक किल्ली देतो, पाट्या वाचताना आणि घोषणा ऐकताना उपयोगी पडेल. हंगेरियनमध्ये नुसता ‘एस’ म्हणजे ‘श’, आणि ‘एस-झेड’ जोडून आले तर ‘स’. ‘सी-एस’ म्हणजे ‘च’. आपण नेमकं उलटं वाचतो, म्हणून विचारलेलं गाव समोरच्याला कळत नाही.

सोमवार टाळा. संग्रहालयं बहुतेक त्याच दिवशी बंद असतात. १५ मार्च, २० ऑगस्ट, २३ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या सुट्ट्यांना दुकानंही मिटलेली असतात. रविवारी दुपारनंतर बुडापेस्टकडे परतणाऱ्या गाड्यांना विद्यार्थ्यांची गर्दी असते. परतीचं तिकीट त्या वेळेचं असेल तर आधी काढलेलं बरं.

सह्याद्रीतले बरेच किल्ले पाहिले आहेत. एगरच्या किल्ल्यात वेगळं काय? फोटोत तर एखाद्या टेकडीवरची भिंत दिसते. (सातारा)

फोटोत दिसतं ते खरंच आहे. चढ दहा मिनिटांचा, तोही फरसबंद रस्त्याने. रायगडाच्या मापाने बघायला गेलात तर हिरमोड होईल. शिवाय तुम्हाला दिसतो तो अर्धाच किल्ला. पूर्वेकडचा बाहेरचा भाग हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या, सैन्याने १७०२ च्या सुमारास सुरुंग लावून उडवला, कारण हंगेरियन बंडखोरांच्या हाती तो मजबूत किल्ला पडायला नको होता. जिंकून झाल्यावर तटबंदी फोडायची ही रीत आपल्याला १८१८ नंतरच्या इंग्रजांमुळे चांगलीच ठाऊक आहे.

पाहायचं ते जमिनीखाली आहे. १५५२ च्या सप्टेंबरात उस्मानी, म्हणजे तुर्की, फौजेने वेढा घातला. आत किल्लेदार दोबो इश्तवान आणि जेमतेम दोन हजार माणसं. त्यांत सैनिकांबरोबर आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आणि बायकाही होत्या. बाहेर पस्तीस-चाळीस हजार. वेढा पाच आठवड्यांहून थोडा जास्त चालला आणि ऑक्टोबरच्या मध्यात तुर्क माघारी गेले. तोफांनी भिंत पडेना तेव्हा वेढा घालणारे खालून भुयार खणून सुरुंग पेरत. ते कुठे खणताहेत हे आतल्यांना कसं कळायचं? भुयारी दालनांत, तिथल्या भाषेत कझामाटात, मार्गदर्शक याचं उत्तर दाखवतात : जमिनीवर ढोल ठेवायचा, त्याच्या कातड्यावर सुके वाटाणे पसरायचे, शेजारी पाण्याचं भांडं. खाली कुदळ पडली की वाटाणे थरथरतात, पाण्यावर वलयं उठतात. तीन-चार ठिकाणी ढोल ठेवून कुठले वाटाणे जास्त उडतात ते पाहिलं की दिशा कळते. मग आतून समोरासमोर भुयार खणून सुरुंग निकामी करायचा.

तिकीट घेताना कझामाटा त्यात आहे का, हे खिडकीवर विचाराच. तिथे मार्गदर्शकाबरोबर गटानेच नेतात, त्यामुळे इंग्रजी फेरी किती वाजता आहे ते विचारून मग बाकीचा किल्ला त्याभोवती बसवा. उलटं केलंत तर हंगेरियन फेरीत अडकाल. आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो, अंगावर पूर्ण बाह्यांचं काहीतरी हवं आणि ओल्या दगडावर घसरणार नाहीत असे बूट. मे-जूनमध्ये सकाळी शाळांच्या सहली येतात. या वेढ्यावरची एक कादंबरी तिथल्या प्रत्येक मुलाला शाळेत वाचावी लागते, म्हणून ही सहल ठरलेलीच. त्या महिन्यांत दुपारी दोननंतर जा.

एक गोष्ट मार्गदर्शक भरभर सांगून पुढे जातात : १५९६ मध्ये हाच किल्ला पडला. त्या वेळी आत मुख्यतः भाडोत्री परदेशी शिपाई होते आणि त्यांनी तो सोडून दिला. पुढची ९१ वर्षं, म्हणजे १६८७ पर्यंत, एगर तुर्कांकडे होतं. गावातला मिनार त्याच काळातला.

सोबत ६८ वर्षांची आई आहे, गुडघे दुखतात. मिनार आणि मनोरा तिला जमेल का? (ठाणे)

मिनार नाही. स्पष्टच सांगतो, कारण तिथे अर्ध्यावरून परतायची सोय नाही. मिनार ४० मीटर उंच आणि आतला गोल जिना ९७ पायऱ्यांचा, इतका अरुंद की धिप्पाड माणसाचे दोन्ही खांदे भिंतींना लागतात. वाटेत टेकायला जागा नाही. वरून कोणी उतरत असेल तर खालच्याला थांबावं लागतं. सज्जा बारीक आणि कठडा अंगाशी. बंद जागेची भीती वाटणाऱ्यानेही जाऊ नये. ज्याला जायचं त्याने पाठपिशवी खाली द्यावी, नाहीतर ती वळणावर अडकते. मशीद १८४१ मध्ये पाडली गेली, मिनार तेवढा उरला. हंगेरीत असे तीनच टिकले आहेत : एगर, पेच आणि एर्द.

लिसेयमच्या मनोऱ्यालाही पायऱ्या भरपूर, पण जिना रुंद आहे आणि मध्ये दालनं आहेत, तिथे बसता येतं. आईंना पहिल्या मजल्यावरचं ग्रंथालय मात्र नक्की दाखवा. ओकच्या कोरीव कपाटांवर नजर जाते न जाते तोच छताकडे जाते. योहान लुकास क्राकरने १७७८ मध्ये तिथे ट्रेंटच्या धर्मपरिषदेचं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या सभेचं, चित्र काढलं. छत जवळजवळ सपाट आहे, पण चित्रातले खांब आणि कमानी उंच चढत गेल्यासारख्या भासतात. एका कोपऱ्यात पाखंडी ठरवलेल्या पुस्तकांवर वीज पडते आहे. ग्रंथालयाच्या छतावर पुस्तकं जाळण्याचं चित्र!

मनोऱ्याच्या टोकाला कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे : अंधारी खोली, छतात भिंग आणि आरसा, मधोमध पांढरं गोल टेबल. त्या टेबलावर बाहेरच्या गावाचं चालतं चित्र पडतं, मोटारी, माणसं, वाऱ्याने हलणारी झाडं, सगळं रंगांत. वीज लागत नाही, ऊन लागतं. ढगाळ दिवशी चित्र इतकं फिकट पडतं की पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, म्हणून लिसेयम ऊन असेल त्या वेळेला ठेवा. त्याच मनोऱ्यातल्या वेधशाळेच्या फरशीवर मध्यान्ह रेषा आहे. भिंतीतल्या छिद्रातून आलेला कवडसा तिच्यावर आला की एगरची खरी दुपार. उन्हाळी घड्याळाप्रमाणे हे बाराला होत नाही, साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान होतं.

गुडघ्यांसाठी तुर्की स्नानगृह हा चांगला पर्याय. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं मूळ बांधकाम, पाणी कोमट आणि रेडॉनयुक्त (रेडॉन हा किरणोत्सारी वायू), त्यामुळे एका वेळी वीस मिनिटांच्या वर बसू नये. हृदयविकार किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोहण्याचा पोशाख लागतोच, पंजाबी ड्रेस किंवा टी-शर्टवर पाण्यात उतरू देत नाहीत. रबरी चपला न्या.

नाशिकच्या वायनरी पाहिल्या आहेत. एगरच्या ‘बैलाच्या रक्ता’त विशेष काय? आणि ती भारतात आणता येते का? (नाशिक)

बिकावेर, म्हणजे बैलाचं रक्त, ही एका द्राक्षाची वाइन नाही. कमीत कमी तीन जातींचं मिश्रण असतं, त्यात केकफ्रांकोश या काळ्या द्राक्षाचा वाटा मोठा. ‘सुपिरियर’ लिहिलेल्या बाटलीत जाती जास्त आणि नियम कडक. नाशिकची शिराझ जिभेला सवयीची असेल तर बिकावेर हलकी आणि आंबटसर लागेल. ती गार हवेतल्या द्राक्षाची खूण आहे, वाइन बिघडल्याची नव्हे. वेढ्यात किल्लेकऱ्यांनी रेड वाइन प्यायली, दाढ्या लाल झाल्या आणि तुर्कांना वाटलं हे बैलाचं रक्त पितात, ही कथा तुम्हाला प्रत्येक तळघरात ऐकवतील. ऐका आणि सोडून द्या. त्या भागात १५५२ मध्ये पांढरीच वाइन होत असे आणि हे नाव फार नंतरचं.

प्यायची जागा म्हणजे सेपासोन्य दरी, ‘सुंदर स्त्रीची दरी’. गावातून चालत वीस-पंचवीस मिनिटं. मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेली तळघरं एकाला एक लागून आहेत, प्रत्येकावर क्रमांक. हिशेब ‘देसी’त, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये. चूक इथेच होते : सहा तळघरांत एकेक देसी घेतली की ६०० मिलि झाली, अख्ख्या बाटलीला थोडीच कमी. आधी पोटभर जेवा, तीन तळघरं निवडा आणि पांढऱ्यापासून सुरुवात करा. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये, हंगेरीत मर्यादा शून्य आहे. तळघरवाले पिंपातून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरूनही देतात. ती स्वस्त पडते पण दोन-तीन दिवसांत उतरते, तिथेच संपवायची.

घरी आणायला सीलबंद काचेची बाटली घ्या, कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या.

आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. निभेल का? (सांगली)

तुमचं निभेल, सासूबाईंचं हॉटेलात अवघड आहे. हंगेरियन रस्सा कांदा परतण्यापासूनच सुरू होतो. त्यांच्यासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. ‘नातूर योगुर्त’ म्हणजे बिनसाखरेचं दही, ‘रिझ’ म्हणजे तांदूळ, ‘लेन्चे’ म्हणजे अख्खा मसूर, हे कुठल्याही दुकानात मिळतं. हिंग मात्र घरून न्या.

तुम्हाला गोंबापाप्रिकाश (मशरूमचा रस्सा), रान्तोत्त शाय्त (तळलेलं चीज), लांगोश (भटुऱ्यासारखी तळलेली पोळी, वर लसूण आणि आंबट साय) आणि उन्हाळ्यात मेज्लेवेश (चेरीचं गार, गोड सूप) चालेल. फसवतात ते असे : भरल्या ढोबळ्या मिरचीसारखं दिसतं त्यात खिमा असतो. तूरोश चुसा हा चक्का घातलेला शेवयांसारखा प्रकार, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात. ‘होर्तोबाज्य’ नावाच्या धिरड्यात मांस असतं. बीन्सच्या सूपमध्ये धुरवलेलं मांस असतं. ‘हूश नेल्क्यूल’, म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नका. ‘झीर नेल्क्यूल’ हेही म्हणा, झीर म्हणजे डुकराची चरबी. आणि मासा त्यांच्या लेखी ‘हूश’ नव्हे.

तिखट हवं असेल तर ‘चीपोश’ म्हणा, नाहीतर पाप्रिका गोडी येते. रंग पाहून घाबरायचं कारण नाही, बेडगीसारखी ती रंगालाच जास्त.

व्हिएन्नात तीन रात्री, प्रागमध्ये दोन, बुडापेस्ट आणि एगर मिळून चार. व्हिसा कुणाकडे मागायचा? (नागपूर)

हंगेरीकडे. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, जिथे जास्त रात्री त्या देशाकडे मागायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवाल त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. एगरच्या मुक्कामाचं आरक्षणही अर्जाला जोडा. चार रात्रींतली एक मोकळी दिसली तर तिथेच शंका निघते.

युरो चालतात का? टिप किती द्यायची? (पणजी)

चलन फोरिंट. युरो कुठे घेतलेच तर भाव त्यांचा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. यंत्राने ‘रुपयांत पैसे वळते करू का’ विचारलं तर नाही म्हणा, फोरिंटच निवडा. बिलावर ‘सेर्विझदीय’ दिसलं तर सेवाशुल्क आधीच धरलेलं आहे, वर टिप नको. नसेल तर दहा टक्के. आणि रोख नोट वेटरच्या हातात देताना ‘कोसोनोम’, म्हणजे धन्यवाद, म्हणू नका. त्याचा अर्थ उरलेले पैसे तुम्हीच ठेवा. आधी सुटे परत घ्या, मग आभार.